पळसाच्या देठांचा श्रीकांत

हे कोणी खरं मानणार नाही, आणि मानावं असा माझा आग्रहही नाही. पण ज्या वर्षी मलकपेठच्या आमच्या गल्लीत दुसरा एसटीडी बूथ निघाला आणि गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या, त्या वर्षी एका बैठ्या घरात हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एका वाक्यानं एका माणसाला मरू दिलं नाही, आणि ते वाक्य ऐकायला रेसकोर्सवरचे घोडे पळता पळता थांबले. घोड्यांचं सोडा. माणसांचं ऐका.

माजघरात पाटावर पळसाच्या देठांचा आणि दर्भाचा पुतळा निजवला होता. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याच्या नावानं असा पुतळा बांधून अग्नी दिला की तो मेला असं ठरतं. या पुतळ्याचं नाव श्रीकांत. उशाशी त्याची बायको सुशीलाबाई उभी होती... हिरव्या बांगड्यांचे हात पदराखाली लपवून, कपाळावरचं कुंकू आता घटकाभराचंच उरलं हे कळून चुकलेलं विदीर्ण अंतःकरण घेऊन. श्रीकांत बसऱ्याला क्रेन चालवायला गेला होता. पहिल्या वर्षी चार पत्रं आली. मग तिकडची लढाई शहराजवळ सरकली आणि पत्रं थांबली. तेव्हापासून रेशनकार्ड नवं झालं की सुशीलाबाई रांगेत उभी राहून त्याचं नाव पुन्हा लिहवून घ्यायची. कारकुनानं विचारलं, "माणूस आहे का?" तर म्हणायची, "आहे. गावाला गेलाय."

पुतळ्याचा घाट धाकट्या दिराचा, दिलीपचा. त्याच्याविषयी चांगलं बोलायला माझी जीभ वळत नाही. वडील, आबासाहेब वकील, वर्षापूर्वी वारले होते. घराच्या जागी पाच मजले चढवायला बिल्डर टपलेला, आणि त्याला थोरल्या भावाची सही हवी, नाहीतर त्या भावाच्या मरणाचा कागद.

"वहिनी, एवढं होऊ द्या," दिलीप म्हणाला. "दादाची विधवा म्हणून त्याचा वाटा तुमचा. तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडचा फ्लॅट तुमच्या नावावर. नाहीतर काय आहे तुमच्याजवळ?"

तिच्याजवळ काय होतं ते पाटावर निजलेलं होतं!

बारा वर्षांत खबर नाही अशा कागदावर सही करायला दिलीपनं शेजारच्या मुफ्ती दस्तगीरसाहेबांना बोलावलं होतं. मूळचे बीडचे, म्हणून मराठी घरच्यासारखी. निजामाच्या काळात आबासाहेबांबरोबर एकाच बाकावर बसून उर्दूतून कायदा शिकलेले. त्यांच्या खोलीत इतकी पुस्तकं, की भिंती काढून नेल्या असत्या तरी छत पडलं नसतं. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"इथं मेला असं लिहिलंय, दिलीपमियाँ. तो गेला तेव्हा जिवंत होता, याला साक्षी कोण?"

"मीच की. नामपल्लीला गाडीत मीच बसवलं."

"म्हणजे ते पक्कं. आणि मेला, याला?"

"बारा वर्षांत एक ओळ नाही, चाचा."

"ही शंका झाली. खात्री शंकेनं जात नाही. खात्रीला घालवायला दुसरी खात्रीच लागते."

"हे तुमचं शास्त्र. आमचं भटजींना विचारा."

"मग सहीपण भटजींचीच घ्या की."

भटजी पळसाचे देठ मोजायला लागले.

मुफ्तीसाहेब सुशीलाबाईकडे वळले. "नमाजापूर्वी हातपाय धुतलेल्या माणसाला वाटलं, मध्येच शुद्धी मोडली की काय... तर नुसत्या वाटण्यानं ती मोडत नाही. मग हजार-बाराशे वर्षांपूर्वी कूफा शहरातल्या आमच्या बुजुर्गांनी विचारलं, जे हातपाय धुण्याला लागू, ते माणसाच्या जिवाला का नाही? हरवलेला माणूस मेल्याची खात्री पटेपर्यंत जिवंत. बायकोला वाट पाहायची नसेल, तर तिला सोडवण्याचे रस्तेही दुसऱ्या उस्तादांनी काढलेत. पण ते तिला विचारायचं, बेटी. पुतळ्याला नाही."

सुशीलाबाईनं पदराखालचे हात बाहेर काढले. कुठलं ते कूफा शहर, कुठले ते आचार्य, ज्यांनी तिचं नाव ऐकलं नाही, तिची भाषा ऐकली नाही... तांब्याभर पाण्यापासून निघून ते एकेक पायरी चढत माणसाच्या मरणाच्या दारापर्यंत गेले आणि तिथे एक खांब उभा करून आले, की पुढे कधीतरी कोणी बाई थकून येईल, तिला पाठ टेकायला असू दे! बारा वर्षं ती वेडी ठरली होती. आज तिच्या वेडाला व्याकरणासारखी शिस्त होती.

तिनं विचारलं, "मग चाचा, सासऱ्यांच्या घरातला ह्यांचा वाटा?"

मुफ्तीसाहेबांना गप्प राहता आलं असतं. ते राहिले नाहीत.

"आमच्या हनफी पंथाच्या उस्तादांनी ही ढाल दिली, तलवार नाही दिली. जे त्याचं आहे ते कोणी ओढून नेऊ नये, इथपर्यंत ती पुरते. तो जिवंत असेल, एवढ्यावर नवं काही मागता येत नाही. तो हरवल्यावर आबासाहेब वारले. तो वाटा बाजूला पडून राहतो. पण हे तुला लागू नाही, बेटी. तुझा कायदा तुला वाटा देईल."

"मेले म्हटलं तर."

"हौ. मेले म्हटलं तर."

"अर्धं वाक्य कसं घेऊ, चाचा? ह्यांना जिवंत मानायचं, आणि वाटा मेल्याचा घ्यायचा?" ती दिलीपकडे वळली, डोळे वाहत होते, पण आवाज स्थिर. "भावजी, फ्लॅट नको. वाटा सोडला असं लिहून देते. मी कुठे खोली बघेन. फक्त ह्यांना पाटावरून उठवा."

दिलीपच्या खिशातला पेजर वाजत राहिला. त्यानं खाली बसून दर्भाची गाठ धरली. ती सुटेना. "दादाला मी बांधला, वहिनी... माझ्या हातांनी बांधला..." आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. कागद फाटला, बिल्डर परत गेला, पाच मजले आभाळातच राहिले.

"उठा," ती म्हणाली. "हात धुवा. चहा टाकते."

आणि आता खरी गंमत ऐका. शेवटचा देठ सुटला, तोच दारात रिक्षा थांबली. दाढी पांढरी झालेली, डोळे मात्र तेच... श्रीकांत उंबऱ्यात उभा! मी धावलो, दादाला मिठी मारली, तो म्हणाला...

"दिलीपभावजी, पुरे," समोर मटार सोलत बसलेल्या सुशीलाबाई म्हणाल्या. "ते त्या दिवशी आले नाहीत. अजून यायचे आहेत."