काळोखातल्या कणमुद्रा

पडद्यावर फक्त काळोख होता. तोरणमाळच्या पठारावरील कणवेधशाळेत संशोधक शाल्मली केळुस्कर सकाळपासून तो काळोख पाहत होती. तिच्या शेजारी नासिर मुजावर बसला होता. त्याचा एक हात प्लॅस्टरमध्ये होता. हा काळोख त्याच्याच कॅमेऱ्याने टिपला होता आणि अजूनही टिपत होता.

नासिर मूळचा मिरजेचा, एका वृत्तवाहिनीचा कॅमेरामन. वेढा पडलेल्या केलूम शहरातले युद्ध चित्रित करायला तो गेला होता. तिथे एका जुन्या दगडी धान्यकोठाराच्या तळघरात डॉक्टर इर्मा नावाच्या बाई जखमींवर उपचार करीत. नासिरने तळघरात तिवईवर कॅमेरा लावला, तिथल्या मोठ्या बॅटऱ्यांवर तो चालू केला आणि जमिनीखालच्या वायरीने बाहेरच्या प्रक्षेपण गाडीला जोडला. वायर तपासायला तो रस्त्यावर आला आणि कोठारावर क्षेपणास्त्र पडले. त्याचा हात मोडला, पण जीव वाचला.

खाली कॅमेरा चालूच राहिला. धुळीने भरलेल्या तळघरातून डॉक्टर इर्मा टॉर्चच्या उजेडात माणसांना जिन्याने वरच्या दालनाकडे नेत आहेत, एवढे दृश्य जगाने पाहिले. मग दुसरा हादरा बसला. आवाज गेला आणि पडदा काळा झाला; गाडीपर्यंतची वायर मात्र शाबूत राहिली आणि तो काळोख जगभर जात राहिला.

दुसऱ्याच दिवशी हल्ला करणाऱ्या पक्षाने जाहीर केले की हे चित्रण बनावट आहे. कोठार केव्हाच रिकामे झाले होते. रडणारी माणसे नट आहेत. सगळा प्रकार शेजारच्या देशातल्या स्टुडिओत आधीच चित्रित झाला आहे. आणि पुढचा काळोख म्हणजे भिंगावर बसवलेले झाकण.

थोड्याच दिवसांत शस्त्रसंधी झाली. मात्र ढिगारा उपसायला यंत्रे आत न्यायची तर दोन्ही पक्षांची संमती हवी होती, आणि जिथे माणसेच नाहीत तिथे काय उपसायचे, असा हल्लेखोर पक्षाचा सवाल होता. शेवटी शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने त्या काळ्या चित्रणावर तोरणमाळच्या कणवेधशाळेचे मत मागवले. ते मान्य करू, असे दोन्ही बाजूंनी लिहून दिले.

"मॅडम, परवा माझ्या थोरल्या भावाचा फोन आला होता," नासिर म्हणाला. "इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच विचारलं, नासिर, ते खरं होतं ना रे?"

शाल्मलीने पडद्याचा उजळपणा वाढवला. काळ्यावर एक पांढरा ठिपका चमकून गेला. थोड्या वेळाने दुसरीकडे आणखी एक, मग एक बारीक तिरपी रेघ.

"जुना आहे कॅमेरा," नासिर म्हणाला. "असले ठिपके येतात."

"बिघाड असता तर पुन्हा पुन्हा त्याच जागी आला असता. हे आकाशातून आलेत, नासिरभाई. कुठेतरी खूप दूर तारा फुटतो. त्यातून सुटलेला कण लाखो वर्षं प्रवास करून आपल्या हवेवर आदळतो आणि त्यातून नव्या कणांचा पाऊस खाली येतो. त्यातले म्यूऑन नावाचे कण छपरातून, भिंतीतून, माणसाच्या अंगातून आरपार जातात. आत्ता तुमच्या हातातूनही जातायत. कॅमेऱ्याच्या संवेदकातून सरळ गेला तर ठिपका उमटतो, तिरपा गेला तर रेघ. आम्ही त्याला कणमुद्रा म्हणतो."

नासिरने धडधाकट हात उताणा केला आणि तळव्याकडे पाहत राहिला. "म्हणजे आम्ही आयुष्यभर जे काही शूट केलं, त्या सगळ्यावर हे आहे?"

"सगळ्यावर. उजेडात दिसत नाहीत, एवढंच."

वेधशाळेचे संचालक डॉ. रॉक डाबरे दारातून ऐकत होते. वसईच्या या गृहस्थांचा लौकिक होता तो शंका काढण्याबद्दल. ते आत येऊन बसले.

"हे ठिपके कुणी मागाहून घातले असतील तर?"

"मोठा कणवर्षाव ठरावीक क्षणी, ठरावीक भागावरच कोसळतो, सर. केलूमजवळच्या तीन कणवेध केंद्रांनी त्या दिवसांतले वर्षाव नोंदवलेत. ती मोजमापं आयोगाने मोहोरबंद ठेवली होती, आज उघडली. हे प्रक्षेपण मात्र त्याच वेळी जगभर साठवलं गेलंय. उद्या आकाशातून काय पडणार, हे कुणाला ठाऊक असणार?"

"आणि जुळतंय?"

"वर्षावामागून वर्षाव जुळतोय. माणसं जिन्याने वर जात असतानाचासुद्धा. कॅमेरा त्या वेळी केलूममध्येच होता."

डाबऱ्यांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. "ते म्हणतील, केलूममध्ये होता, पण मोकळ्या घरात झाकण घालून ठेवला होता. ढिगाऱ्याखाली होता हे कसं दाखवशील?"

शाल्मली याच प्रश्नाची वाट पाहत होती. दगड म्यूऑनांना अडवतो. जितका जाड दगड, तितके कमी कण पलीकडे पोहोचतात. रेघेच्या तिरपेपणावरून कण कोणत्या दिशेने आला तेही कळते. इतक्या दिवसांचे सगळे ठिपके आणि रेघा दिशेनुसार मांडल्या तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर काय आहे त्याचे चित्र मिळायला हवे, क्ष-किरणांनी हाडाचे मिळते तसे. तिने गणित सुरू केले.

चित्र सावकाश उमटले. पुसट होते, तरी ओळखता येत होते. वर खचलेल्या दगडांची दाट सावली होती, तिच्यात आडव्या पडलेल्या तुळया, आणि एका बाजूला फिकट, लांबट जागा.

नासिर खुर्चीतून उठला. "हे दालन आहे. जिना इथे संपतो. ते पडलेलं नाही."

तारे फुटून निघालेल्या कणांनी, कुणीही न सांगता, एका गाडलेल्या दालनाचे चित्र काढले होते.

"पोकळी आहे म्हणून आत कुणी जिवंत आहे, असं मात्र मी लिहू शकत नाही," डाबरे हलक्या आवाजात म्हणाले.

"लिहू नका, सर. गणितात चूक नाही ना, एवढं बघू द्या." तिने सगळ्या कणमुद्रांचे दोन भाग केले, सुरुवातीच्या दिवसांच्या आणि अलीकडच्या. दोन चित्रे तयार करून तिने शेजारी ठेवली. ती सारखी यायला हवी होती. तशी ती आली नाहीत. अलीकडच्या चित्रात दालनाच्या एका कोपऱ्यातून एक अरुंद फिकट पट्टा निघाला होता.

"ढिगारा खचतोय," डाबरे म्हणाले.

"खचला तर दगड सरळ खाली येतो. हा पट्टा तिरपा चढलाय, सर. आणि इथे तुळई आडवी आली, तिथे तो वळलाय. तुळईला वळसा घालून पुन्हा वर. आणि दालनाच्या मागच्या भिंतीशी बघा, पूर्वी मोकळं होतं. आता तिथे दगडांची रास आहे."

डाबऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चित्रावर वाकले. त्यांनी आणखी एकही शंका काढली नाही.

"दगड उचलून मागे ठेवतायत," नासिर म्हणाला. "रस्त्याच्या बाजूला येतायत. मी पडलो होतो, तिकडे."

अहवाल त्याच दुपारी गेला. सोबत शाल्मलीने पट्ट्याचे टोक कुठे पोहोचेल, ती जागा नकाशावर दाखवली. हल्लेखोर पक्षाने शब्द पाळला, पण एक अट घातली. पुन्हा नाटक नको. ढिगाऱ्यापाशी कोणाचाही कॅमेरा असणार नाही. त्यांचा स्वतःचा अधिकारी, कर्नल ओस्तेक, तिथे उभा राहून आयोगाला फोनवरून कळवत राहील.

म्हणून उपसा सुरू झाला त्या दिवशी तोरणमाळला काही दिसले नाही. आयोगाने जोडून दिलेल्या फोनवरून नुसता आवाज येत होता. यंत्राची घरघर, मग कर्नलने ती बंद करायला सांगितल्याचे ऐकू आले. नंतर बराच वेळ शांतता. मग दगड घरंगळल्याचा आवाज.

शाल्मली, डाबरे आणि नासिर फोनभोवती वाकले होते. दुभाष्या एकेक वाक्य सांगत होता.

"दगड आतून सरकला," कर्नल म्हणत होता. "एक हात बाहेर आला आहे. मी तो धरला आहे." त्याचा श्वास ऐकू येत होता. "बाई आहेत. त्यांच्या मागे आणखी माणसे आहेत. मी मोजू शकत नाही, खूप आहेत. पाणी पाठवा."