पिवळा की पांढरा?

वायपरचं पातं भर रस्त्यात निखळलं नसतं, तर ती त्या दुकानाची पायरी चढलीच नसती. गाड्यांच्या सामानाची दुकानं तिला मुळात आवडत नसत. एका स्क्रूसाठी आत जावं आणि सीटकव्हर, सुगंधी डबी आणि नको असलेला हॉर्न घेऊन बाहेर पडावं, असा तिचा नेहमीचा अनुभव. म्हणून ती पातं हातात धरून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "एवढंच बसवायचंय. दुसरं काहीही नकोय."

काउंटरमागचा माणूस वायर सोलत होता. तिचा आवाज कानावर पडला आणि त्याचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पातं घेऊन बाहेर गेला. बसवून झाल्यावर हात पुसत म्हणाला,

"रोज पहाटे घाटातून जाता ना? मग फॉग लाइट लावून घ्या. या दिवसांतल्या धुक्यात साध्या दिव्यांचं काही चालत नाही."

झालं! तिच्या भुवया वर गेल्या. "मी पहाटे कुठून जाते, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"आवाजावरून."

"आवाजावरून रस्ता कळतो?"

"रेडिओवर तुम्हीच ना? आधी बातम्या, मग हवामान, मग रस्त्यांची खबरबात. रेडिओ केंद्र आहे टेकडीवर. घाट चढल्याशिवाय तिथे पोचणार कसं?"

उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तरांचा तिला जास्त संशय यायचा. "बरं... मग आज काय सांगितलं मी?"

"पश्चिम भागात पाणी उशिरा येणार. आणि 'उशिरा' म्हणताना तुम्ही जांभई गिळलीत."

खरंच गिळली होती. केंद्रात काचेपलीकडच्या तंत्रज्ञालासुद्धा ती कळली नव्हती. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

या बाईला संशयी स्वभावावरून घरात सगळे चिडवायचे. थोरली बहीण तर तिला 'फौजदार'च म्हणायची. पण हा स्वभाव काही जन्मापासूनचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा गोडबोल्या, फिरतीच्या नोकरीतला. त्याची फिरती एका विशिष्ट मुलीच्या गावालाच असते, हे त्याच्या कचेरीत सगळ्यांना माहीत होतं, त्याच्या घरी माहीत होतं, आणि हिला कळलं सगळ्यात शेवटी. लग्न मोडल्याचं दुःख केव्हाच ओसरलं. आपण इतक्या भोळ्या कशा राहिलो, ही बोच मात्र राहिली. पुन्हा कुणाला फसवू द्यायचं नाही, असं तिनं तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं आणि आजवर निभावलंही होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "लावा फॉग लाइट. रंग कुठला?"

आणि इथेच घोळ झाला. दुसरा कोणी असता तर त्यानं खोकं उघडून दिवे बसवायलाही घेतले असते. हा गृहस्थ मात्र विचारात पडला.

"पांढरा उजेड जास्त पडतो. पण धुक्यात तोच उलटून आपल्या डोळ्यांवर येतो, असं म्हणतात. पिवळा डोळ्यांना बरा, असंही म्हणतात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी..." तो जरा घुटमळला, "मी आठवडाभरात सांगतो."

विकायला बसलेला माणूस विकत नाही! हे कसलं लक्षण? ती घरी येईपर्यंत याच विचारात होती.

आठवड्यानं ती गेली. तो म्हणाला, "अजून ठरत नाहीये." चार दिवसांनी पुन्हा गेली, तर म्हणे, "आणखी थोडं थांबा."

"एवढा विचार तर लोक मुलगी पाहताना करत नाहीत," ती म्हणाली.

"मुलगी पाहायला धुकं लागत नाही."

"गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावायचे, ही नवीन युक्ती का?"

"हेलपाटा वाटतो होय तुम्हाला?" त्यानं इतक्या भाबडेपणानं विचारलं, की तिला एकदम 'हो' म्हणता आलं नाही. तिनं उगाच काचेच्या कपाटातल्या बल्बांकडे पाहिलं. दुकानामागच्या पडद्याआडून शिवणयंत्राची घरघर येत होती. ती अचानक थांबली, आणि तिला वाटलं, आत कोणीतरी कान देऊन ऐकतंय.

"आत कोण असतं?"

"सीटकव्हरं शिवतात," तो म्हणाला आणि विषय बदलला. तिनं तेही मनात टिपून ठेवलं.

ताईनं ऐकलं आणि पोळीचं लाटणं हातात तसंच धरून निकाल दिला, "लांबवतोय तो. तू यावीस म्हणून."

"किंवा काहीतरी लपवतोय."

"फौजदार, दुकानात जायच्या दिवशी तू केस धुतेस. ते कशासाठी, तेही एकदा तपासून बघ."

ते खरं होतं. पहाटे बातम्या वाचताना, समोरच्या लाल दिव्याकडे बघत, ती आता एका माणसाला उद्देशून वाचायची. त्याच्या दुकानात, वायरींच्या गुंडाळ्यांमध्ये आपला आवाज घुमत असेल, या विचारानं तिला सुखावल्यासारखं व्हायचं आणि पाठोपाठ धास्ती वाटायची. पुन्हा तेच तर नाही ना व्हायचं?

आणि एका पहाटे नेमकं तेच झालं, असं तिला वाटलं.

घाटात दाट धुकं होतं. ती गाडी अगदी सावकाश हाकत होती. वरच्या वळणावर, जिथून वाहतुकीला बंद झालेला जुना रस्ता फुटतो, तिथे एक गाडी उभी दिसली. पुढचे दोन दिवे, एक पिवळा आणि एक पांढरा. असली विचित्र गाडी कुणाची, म्हणून तिनं काच खाली केली. गाडीजवळ तो होता. आणि त्याच्यासोबत एक बाई. तो तिच्या खांद्यांवर शाल नीट लपेटत होता, तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत होता. बाईची पाठ हिच्याकडे होती. मग त्यानं तिला अलगद गाडीत बसवलं.

त्या दिवशीच्या बातम्या तिनं कशा वाचल्या, तिचं तिलाच ठाऊक. रस्त्यांच्या खबरबातीला आली, तेव्हा समोरच्या कागदावर 'घाटात दाट धुकं असल्यानं चालकांनी वेगावर भरवसा ठेवू नये' असं काहीतरी लिहिलं होतं. तिनं वाचलं, "चालकांनी कुणावरही भरवसा ठेवू नये." काचेपलीकडे तंत्रज्ञानं कपाळावर हात मारला.

काम संपवून ती तडक दुकानात गेली. तिला पाहताच त्याचा चेहरा खुलला. "आज कुणावर भरवसा ठेवायचा नाही म्हणालात?"

"तुमच्यावर," ती म्हणाली. "आज पहाटे घाटात तुमच्यासोबत कोण होतं?"

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. शाल पाहिली. हात चोळणंही पाहिलं. मला इथे रंगाच्या नावाखाली झुलवत ठेवायचं आणि तिकडे..." आपल्याला एवढं लागलंय, हे आताच तिच्या लक्षात येत होतं, आणि तेही त्याच्यासमोर.

पडदा सरकला. साठीतल्या एक बाई नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या. गळ्यात टेप, पदराला टाचण्या टोचलेल्या. त्यांनी आधी दोनदा शिंकून घेतलं.

"मी होते, बाळ. याची आई. गेले पंधरा दिवस हा मला पहाटे उठवून घाटात नेतो आणि खांबासारखं रस्त्यात उभं करतो. लांबून एकदा पिवळा दिवा लावून येतो, एकदा पांढरा. मी दिसले की थांबतो आणि अंतर मोजतो. काय तर म्हणे, रेडिओवाल्या बाईंच्या गाडीला कुठला रंग लावायचा ते नक्की करायचंय."

"आई!"

"काय आई? सर्दी मला झालीये."

तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पण... पंधरा दिवसांत ठरलं कसं नाही?"

"दोन्ही रंगांत आई सारख्याच अंतरावरून दिसते," तो खाली बघत म्हणाला. "तेच तर कळत नाहीये."

आईंनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "आता बोलणं निघालंच आहे तर सांगते. हा गाडीत जाऊन बसला की मी शाल बाजूला करत होते. आतल्या स्वेटरला मी चमकणारी पट्टी शिवून घेतलीये, रस्त्यावरच्या कामगारांच्या जाकिटाला असते ती. कुठलाही उजेड पडला की लखलखते."

"पंधरा दिवस!" तो ओरडलाच. "आई, अगं सगळी चाचणी फुकट गेली!"

"जाऊ दे फुकट. धुक्यातून गाडी अंगावर येते तेव्हा कसं वाटतं, तू उभा राहून बघ. तुझ्या ब्रेकवर माझा भरवसा नाही."

एरवी हसून हसून तिची पुरेवाट झाली असती. पण तो हसत नव्हता. आई आत गेल्यावर त्यानं कपाटातून दोन खोकी काढून तिच्यासमोर ठेवली.

"हा पिवळा, हा पांढरा. घरी नेऊन ठरवा. बसवून दुसऱ्या कुणाकडूनही घ्या."

"रागावलात?"

"नाही. तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे. आपली ओळख ती किती?" त्याचा आवाज शांत होता, म्हणून तिला जास्तच टोचला. "फक्त... येतानाच तुम्ही निकाल लावून आला होतात. मला वाटलं होतं, तुम्हाला इथे यायला आवडतं."

तो रागावला असता तर तिनं उलट चार शब्द सुनावले असते. पण तो दुखावला होता, आणि दुखावलं तिनं होतं. आता खोकी उचलून बाहेर पडलं, की पुन्हा या दाराशी यायला काही निमित्त उरणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. फसायचं नाही म्हणून तिनं दोन वर्षं स्वतःला जपलं होतं. आज फसवणारं कुणी नसतानाच ती सगळं घालवून बसणार होती.

तिनं खोकी हातानं मागे सारली.

"चाचणी पुरी करा. उद्या मला सुट्टी आहे. मी उभी राहते."

"तुम्ही?"

"पट्टीशिवाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जुन्या रस्त्यावर धुकं इतकं दाट होतं, की स्वतःचा हात लांब केला तर बोटं पुसट व्हायची. आई हट्टानं सोबत आल्या होत्या आणि कडेच्या दगडावर चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. त्यानं पांढऱ्या दिव्यावर गोणपाट बांधलं. "भीती वाटली तर बाजूला व्हा. काही बिघडत नाही."

"नाही होणार," ती म्हणाली. आणि गाडी मागे मागे जात धुक्यात दिसेनाशी झाली.

मग इंजिनाचा आवाज येऊ लागला. दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज, जवळ जवळ येणारा. ओल्या गवताचा वास, नाकाला झोंबणारा गारवा. बाजूला हो, तिचं मन सांगत होतं. तो बघत नसेल. त्याचा अंदाज चुकेल. माणसं चुकतात, माणसं फसवतात, तुला चांगलं ठाऊक आहे. तिनं मुठी आवळल्या. आवाज वाढला. तिचा एक पाय उचलला गेला... आणि तिनं तो पुन्हा तिथेच टेकवला.

आवाज थांबला. बऱ्याच लांब. पिवळा उजेडसुद्धा तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

"दिसले का?" तिनं ओरडून विचारलं.

"नाही!"

"मग थांबलात कशाला?"

धुक्यातून आवाज आला, "पांढरा बघू."

पांढऱ्याला तर तो आणखी लांब थांबला. तिसऱ्यांदा पुन्हा पिवळा लावला, आणि या खेपेला गाडी जेमतेम हलली. मग दार उघडल्याचा आवाज झाला. पावलं वाजली. धुक्यातून आधी त्याचा मफलर आला आणि मग तो स्वतः, ओशाळलेला.

"तुमच्यावर चाचणी होत नाही," तो म्हणाला.

"का? मी तर जागची हलले नाही."

"तुम्ही नाही हललात. माझाच पाय... तुम्ही दिसायच्या आधीच ब्रेकवर जातो." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आई उभी असली की दिसेपर्यंत गाडी नेतो मी. तुम्ही तिथे आहात एवढं ठाऊक असलं की पुढे नेववत नाही. आता यावरून रंग कसा ठरवायचा?"

तिनं आवळलेल्या मुठी सोडल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते धुक्यानं आलं असं सांगता आलं असतं, पण तिला आज काही लपवायचं नव्हतं.

"माझा स्वभाव संशयी आहे," ती म्हणाली. "एका दिवसात नाही जायचा. उद्या परत काहीतरी विचारेन. वाईट वाटेल असंही विचारेन."

"विचारत जा. पण निकाल लावायच्या आधी विचारा."

"आणि तुम्ही मला आवडता. हे मात्र तपासून झालंय."

तो इतका गोंधळला, की त्यानं मफलर काढला आणि काय करायचं न सुचून तिच्या गळ्यात घातला. तो उबदार होता आणि त्याला रबराचा वास येत होता. ती पुढे झाली, आणि धुक्यानं त्या दोघांना थोडा वेळ आपल्यात ठेवून घेतलं.

"अरे, ठरलं का काही?" कडेच्या दगडावरून हाक आली. "माझे पाय गारठले!"

"ठरलं, आई!" तो मोठ्यानं म्हणाला.

"कुठला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला हसू आवरेना.

"तेवढं राहिलं, आई!" तीच ओरडून म्हणाली.