उचकी परत घाला

सिग्नल हिरव्याचा लाल होण्याच्या बेतात होता, पाऊस भुरभुरत होता, आणि ती खांद्यावर नवाकोरा सायलेन्सर घेऊन तोफेसारखी रस्त्याच्या कडेला उभी होती. लोक वळसा घालून जात होते. तेवढ्यात एक लाल, बुटकी, दोन सीटांची गाडी सिग्नल गाठायला सुसाट निघाली. होती स्पोर्ट्स कारच, पण वयानं आता खेळाडूपेक्षा क्रीडाशिक्षक वाटायची. ऐन वेळी गाडीच्या घशात काहीतरी अडकलं — हिक्! — आणि सिग्नल चुकला.

ती वाकली, काचेवर टकटक केलं.

"तुमच्या गाडीला उचकी लागलीय."

काच खाली आली. आत एक गोल चष्मा होता आणि चष्म्यामागे एक शांत माणूस.

"माहितीय," तो म्हणाला. "कुणीतरी आठवण काढतंय तिची."

"पेट्रोल कमी पडतंय तिला."

"आत्या म्हणते आठवण."

"आत्या मेकॅनिक आहेत का?"

"नाही. तुम्ही?"

तिनं खांद्यावरच्या सायलेन्सरकडे पाहिलं. "छे. मी बासरी वाजवते."

तो हसायला लागला, आणि सिग्नल हिरवा होऊन मागच्यांनी हॉर्नचा गजर केला तरी हसतच राहिला. तिनं उघड्या काचेतून गॅरेजचं कार्ड आत टाकलं.

आज त्या चौकात पूल झालाय. वरून जाणाऱ्यांना सिग्नल लागत नाही, त्यामुळे त्यांच्या आयुष्यात असं काही घडायची सोयच उरलेली नाही.

गॅरेज तिच्या काकांचं. काका नट-बोल्टवाले, ती लॅपटॉपवाली. कंपनीतून आलेली गाडी तिच्या मते अर्धवट शिकून बाहेर पडलेली असायची, पुढचं शिक्षण ही द्यायची. इंजिनाला कधी किती पेट्रोल सोडायचं हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारी एक फाईल असते. धंद्यात तिला मॅप म्हणतात. ती मॅप लिहायची. तिच्या हातून गेलेल्या गाड्या मालकापेक्षा जास्त समंजस व्हायच्या.

तो आला, गाडी सोडून गेला. तिनं पेट्रोल फवारणारे इंजेक्टर धुतले, मोठा एअर फिल्टर बसवला, नवा सायलेन्सर लावला आणि नवा मॅप चढवला. चढवण्याआधी जुना जपून ठेवायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. नेमका तोच ती विसरली. त्या वेळी तो गाडी न्यायला लवकर येऊन बाकावर बसला होता आणि काकांच्या चष्म्याची वाकडी काडी सरळ करत होता. एवढंच सांगणं पुरे.

गाडी लोण्यासारखी निघाली. दुसऱ्याच दिवशी तो परत आला, तोंड पाडून.

"काय झालं? धक्के देते?"

"नाही."

"आवाज?"

"नाही. काहीच नाही करत ती." त्यानं चष्मा काढून पुसला. "उचकी परत घाला ना…"

काकांच्या हातातला पाना खाली पडला. "अहो, माणसं इथे खोड काढून घ्यायला येतात! तुमचे डोळे कोण तपासतं?"

"मीच तपासतो. माझं चष्म्याचं दुकान आहे."

मग त्यानं सांगितलं. गाडी आत्याची. लहानपणी दर रविवारी आत्या त्याला शेजारच्या सीटवर घालून गावाबाहेर फिरवायची. फेऱ्यांचा काटा तीन हजारावर गेला की गाडी उचकायची, आणि आत्या म्हणायची, "बघ, आठवण काढली कुणीतरी!" मग कुणी काढली असेल यावर दोघांची चर्चा. कधी शेजारची मांजर, कधी हेडमास्तर. आता आत्याचे डोळे गेले होते. त्यानंच तपासले. तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर तिनं वाचलं, तेही पाठ होतं म्हणून. 'आत्या, आता गाडी बंद' हे त्यालाच म्हणावं लागलं. आत्यानं पर्समधून किल्ली काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "माझं जप्त झालं. आता तुझं लायसन्स कधी काढतोयस?"

महिनाअखेरीस आत्या मुलीकडे राहायला जाणार होती, लांबच्या शहरात, कायमची. त्याआधी तिला एकदा गाडीतून फिरवायचं होतं.

"गाडी छान झालीय हो," तो म्हणाला. "पण आत्याची राहिली नाही. तिला दिसत नाही ना… आवाजावरूनच ओळखणार ती."

तिच्याकडे जुना मॅप नव्हता. सांगावं लागलं, तिनं सांगितलंही. तो रागावेल म्हणून ती तयार होती. तो म्हणाला, "मग शोधूया. मी तोंडानं काढून दाखवतो."

आणि त्यानं गॅरेजच्या मधोमध उभं राहून, दुकानदाराच्या इस्त्रीच्या शर्टात, तीन हजार फेऱ्यांवरची उचकी काढून दाखवली. काका खुर्ची घेऊन पुढे येऊन बसले.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो यायचा. तो चालवायचा, ती शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. गावाबाहेरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना ओलं गवत, काचेवर थेंब.

"दाबा… अजून दाबा… आता धरा."

त्यानं तिचं मनगट धरलं.

"पेडल धरा!"

"हो हो… पेडल." कान लाल. हात मात्र जरा सावकाशच निघाला.

ती पेट्रोल थोडं कमी करायची, मग अजून थोडं. आयुष्यभर गाड्या सुधारून आता ही मुद्दाम बिघडवताना तिला स्वयंपाक शिकलेल्या माणसानं मुद्दाम करपवावं तसं वाटायचं. "आधीची बरी की आताची?" ती विचारायची.

"हा माझा प्रश्न आहे," तो म्हणायचा. "मी दिवसभर काचा बदलून हेच विचारतो. लोक कंटाळले की काहीही ठोकून देतात."

"मग?"

"मग मी तीच काच काढून परत तीच घालतो. कुणी म्हणालं 'वा, आता स्पष्ट', की समजायचं, हा डोळ्यांनी बोलत नाहीये."

आणि एका संध्याकाळी ती उचकी सापडली. हिक्! — बारीकशी, लाजरी. त्याचा चेहरा असा उजळला की शेजारी लहान मुलगा बसलाय असं तिला वाटलं. तिनं फाईल जपून ठेवली, या वेळी न विसरता. आणि मग तिच्या लक्षात आलं, की झालं. काम संपलं. उद्या हा येणार नाही.

"जमली?" तिनं विचारलं.

त्यानं वायपर उगीच एकदा फिरवला. "जवळपास… पण अजून जरा…"

तिनं लॅपटॉपवर बोटं नाचवली, त्याला परत पेडल दाबायला लावलं आणि विचारलं, "आता?"

"ही जरा जास्त झाली. आधीची बरी होती."

तिनं काहीच बदललं नव्हतं. तीच काच काढून तीच घातली होती.

खिडकीबाहेर बघत तिनं ओठ घट्ट मिटले, नाहीतर हसू सांडलं असतं. "बरं," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "नाजूक काम आहे. उद्या बघू."

मग कितीतरी 'उद्या' झाले. सापडलेली उचकी ते दोघं मोठ्या निष्ठेनं शोधत राहिले. काका एकदा म्हणाले, "एवढ्या वेळात नवीन इंजिन झालं असतं." कुणी लक्ष दिलं नाही. पण महिना कुणासाठी थांबत नाही.

ते दोघं गाडी घेऊन पोचले तेव्हा आत्या घराच्या फाटकाशी उभी होती. ताठ, काळा चष्मा, हातात पर्स. सीटा दोनच. तो किल्ली घेऊन पुढे झाला, तर आत्या म्हणाली, "तू नको. तू शेजारी बसलास की कुणीतरी डोळ्यांत थेंब घालणार असं वाटतं. ही पोरगी चालवेल. काय गं, येते ना?"

"येते आत्या."

"मग चल. त्याला राहू दे फाटकाशी, शोभेला."

सरळ रस्ता आला. तिनं पेडल दाबलं. काटा तीन हजारावर गेला आणि — हिक्! अचूक. तिनं श्वास रोखून शेजारी पाहिलं.

आत्या म्हणाली, "मेली अजून उचकतेच आहे का?"

"अं?"

"अगं, या उचकीपायी मी किती गॅरेजं पालथी घातली! एकालाही जमली नाही घालवायला. ऐन ओव्हरटेकला दगा द्यायची."

"पण… तुम्हीच त्यांना म्हणायचात ना, कुणीतरी आठवण काढतंय म्हणून?"

"मग काय म्हणणार? एवढंसं पोर, पहिल्यांदा उचकली तर भोकाड पसरलं, गाडी फुटणार म्हणून! काहीतरी सांगायला नको?" आत्या थांबली. काचेवर पाऊस टिपटिप वाजत होता. "नंतर त्याला आवडायला लागली. मग मी गॅरेजात जायचं सोडलं."

तिनं गाडी कडेला घेतली, सीटमागून लॅपटॉप काढला, स्वतःचा पहिला, लोण्यासारखा मॅप चढवला.

"काय करतेस?"

"थांबा आत्या. धरून बसा."

गाडी निघाली. दोन हजार, तीन, साडेतीन — कुठे अडखळ नाही, नुसती एक लांबलचक, गोड गुरगुर. आत्यानं काच खाली केली. वारा, पाऊस, सगळं आत आलं. तिनं काळा चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि डोळे मिटून हसत राहिली. परत येईपर्यंत एकच वाक्य बोलली, "बाई, ही तर अशी होती होय!"

फाटकाशी तो भिजत उभा होता. आत्या उतरली, चाचपत त्याचा गाल शोधला, थोपटला. "चांगली केलीस हो गाडी. आता ती उचकी परत घालायला नेऊ नकोस. नेणारच असशील तर काहीतरी दुसरं कारण शोध."

आत्या मुलीकडे गेली. गाडी त्याच्याकडे राहिली, ठणठणीत.

"मग… झालं?" निघताना त्यानं विचारलं होतं.

"झालं," ती म्हणाली होती. आणि दोघंही इतके शहाण्यासारखे वागले होते की नंतर दोघांनाही स्वतःचा राग आला.

त्यानंतर गॅरेजसमोर गाडी थांबली की तिची मान आपोआप वर व्हायची. एकदा तिनं एका टॅक्सीत एअर फिल्टर उलटा बसवला. काकांनी तो सरळ केला आणि म्हणाले, "तुझे डोळे तपासून घे एकदा. दुकान माहितीय मला."

ती जायचीच होती. खरंच, केस विंचरून झाले होते. पण त्या संध्याकाळी शटरमध्ये तो दिसला. चालत आलेला, पायांना चिखल.

"गाडी कुठंय?"

"घरी."

"काय बिघडलंय?"

"काहीच नाही." त्यानं घाम पुसला. "सगळं बघितलं. टायर, ब्रेक, वायपरसुद्धा. कुठे काही म्हणजे काही बिघडत नाही. तुम्ही इतकी चांगली का केलीत?"

"मग आलात कशाला?"

"तसाच आलो… म्हणजे… तुमच्यासाठी आलो."

ती हातातल्या फडक्याची घडी घालत बसली. मळक्या फडक्याची इतकी नीट घडी त्या गॅरेजमध्ये आजवर कुणी घातली नव्हती.

"तुम्ही खोटारडे आहात," ती शेवटी म्हणाली. "मी एकच फाईल दोनदा ऐकवली, आणि तुम्ही म्हणालात दुसरी जास्त झाली!"

"मला माहीत होतं एकच होती."

"कसं?"

"तुम्ही बटण दाबलंच नाही. बोटं नुसती वरच्या वर नाचवलीत." तो आता सरळ तिच्याकडे बघत होता. "माझं लक्ष उचकीकडे कुठं होतं…"

मागून काका खाकरले. "शटर मी लावतो," ते म्हणाले. "जा, उजेड आहे तोवर."

ते दोघं चालत निघाले. रस्ता ओला होता, आणि पायी जाताना किती वेगानं जायचं हे दोघांनाही आठवेना. कधी ती पुढे, कधी तो.

"अरे, जरा हळू," ती म्हणाली, आणि आपण 'अहो' म्हणायला विसरलो हे कळून तिनं जीभ चावली.

"हळू तर हळू," तो म्हणाला. "कुठे जायचंय?"

"मला कुठे माहितीय? तू चालतोयस, मी येतेय."