डाव्या चाकाचा पाय

माझे साडू फक्त चष्मा आणायला हँगरमध्ये परत गेले होते. मी तिथे नव्हतो, तेव्हा माझ्या सांगण्यात चूक असू शकते. पण त्यांनी मला ते तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही.

"काका, उगीच घाबरवू नका हं," धाकटी पुतणी म्हणाली.

"मीच घाबरलोय, तुला काय घाबरवू? तो मागचा दिवा चालू राहू दे."

साडू विमानांचे तपासनीस. धातूही थकतो, बरं का. प्रत्येक वेळी उतरतानाचा दणका चाकाच्या पायाला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, बसतो आणि एक दिवस त्यात केसाहून बारीक भेग पडते. ती शोधायला लाल द्रव लावतात, पुसून टाकतात, वरून पांढरी भुकटी फवारतात. भेगेत द्रव शिरला असेल तर भुकटीवर लाल रेघ उमटते. मात्र आधी पायावरचा रंग खरवडून काढावा लागतो. त्या संध्याकाळी साडूंनी तो काढला नाही. रंग काढून पुन्हा द्यायचा म्हणजे विमान दिवसभर अडकलं, आणि पहाटे सहाला ते चाळीस माणसं घेऊन निघायचं होतं. साडूंनी रंगावरूनच द्रव लावला. अर्थात काहीच दिसलं नाही. त्यांनी सही केली.

त्यांच्या हाताखालचे जुने मिस्त्री आबा असते तर म्हणाले असते, "साहेब, इंजेक्शन काय सदऱ्यावरून देताय?" पण आबांना जाऊन आठ महिने झाले होते.

बुधवारची रात्र. दोन वाजून चाळीस मिनिटं. हँगरमध्ये एकच दिवा. चष्मा टेबलावरच होता, द्रवाच्या डब्यांशेजारी. साडूंनी तो डोळ्यांवर चढवला आणि आवाज आला.

खर्र... खर्र...

डाव्या चाकापाशी कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलं होतं. रात्रपाळीचा कुणी असेल, त्यांना वाटलं.

"कोण आहे रे?"

त्या माणसाने मागे न बघता नुसता हात मागे केला. साडूंनी सवयीने लाल द्रवाचा डबा त्या हातात दिला. बोटं गार होती. अंगठा... अर्धाच.

आबांचा अंगठा अर्धा होता.

साडू जागचे हलले नाहीत. भुकटीचा फवारा. मग पांढऱ्यावर रेघ. लाल. बारीक. ती वाढत गेली... पायाला वळसा घालून...

दिवा लुकलुकला.

कुणी नाही.

त्यांनी बॅटरी मारून पाहिलं. रंग जसाच्या तसा. ओरखडासुद्धा नव्हता.

तीन वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला.

"प्रोफेसर, विमान थांबवू का? लोक हसतील मला. तुम्ही सांगाल तसं करतो."

मी जन्मभर धातू शिकवला. एकच प्रश्न विचारायचा होता, रंग काढला होता का? तो मी विचारला नाही. मी म्हणालो, "अहो, भास झाला तुम्हाला. सही केलीत ना? झोपा आता."

"मग?" पुतणीने विचारलं.

"मग ते उतरलं. डावा पाय मोडला. पंख घासला, आग लागली... तिघं गेली."



मोडलेला पाय तपासायला माझ्याच टेबलावर आला. भेगेवरचा रंग शेवटच्या दणक्यापर्यंत अखंड होता. त्याची कड ताजी तुटलेली होती. आत जायला द्रवाला वाटच नव्हती. तरीही ती जुनी भेग आतून, खोलवर... लाल होती. मी अहवालात ते लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

एक लहानसा तुकडा मी ठेवून घेतला. ठेवायला नको होता. त्या खणात आहे. रोज रात्री रुमालाने पुसतो.

तो द्रव तासाभरात वाळतो, पोरांनो. याला सहा वर्षं झाली.

रुमाल अजून लाल होतो.