बेटावरचा झिरा

त्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखाच टँकर भरला. सोळा सालचा मे महिना. धरणाच्या तळाशी उरलेल्या डबक्यावर इंजिन लावलेलं होतं, तिथं पाळीनं टँकर भरायचे. माझ्या टँकरवर 'पिण्याचे पाणी' असं लिहिलेलं, आणि पाळी आमच्याच वस्तीची. शिरूर कासारच्या पलीकडं, माळावरची तीस-पस्तीस घरं.

झाकण लावत होतो, तेवढ्यात धोंडीरामचा फोन आला. धोंडीराम म्हणजे चेअरमनसाहेबांचा मॅनेजर.

"बन्सी, आजबी बेटावर आण."

"आज तिसरा दिवस हाय, मॅनेजर. वस्तीवर थेंब न्हाई."

"टँकर कोणाचा हाय बे?"

टँकर साहेबांचा होता. मी गाडी चालू केली.

बेट म्हणजे काय ते सांगतो. अर्जुनराव आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना सहकारी, म्हणजे कागदावर आमचा सगळ्यांचा. साहेब कुठल्याशा समुद्रातल्या बेटावर हिंडून आले आणि इथं माळावर दोन एकरांचा खड्डा खणून मधोमध तसलंच बेट उठवलं. कोकणातून वाढलेले माड आणले. पांढरी वाळू आणली. गवती छपरांच्या खोल्या बांधल्या, आत एसी. आता भोवती समुद्र पाहिजे. तो समुद्र आम्ही टँकरवाले भरत होतो. साहेबांचा साठावा वाढदिवस तिथं व्हायचा होता.

वस्तीच्या फाट्यावर दगडाबाई उभी होती. माझी चुलती. आई गेल्यावर मला तिनंच भाकर घातली. कडेवर घागर, हातात दोराचं वेटोळं. मी गाडी हळू केली, थांबवली नाही.

"आजबी न्हाई व्हय रे?"

"उद्या आणतो, काकू."

आरशात बघितलं तर धुळीत तशीच उभी. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बेटावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाहुणे गाड्यांतून उतरत होते. फुलाफुलांचे शर्ट घातलेली पोरं त्यांच्या गळ्यात माळा घालत होती. लाकडी पुलाच्या पलीकडं, माडाखाली, माणसाच्या उंचीचा केक ठेवला होता. पांढऱ्या झब्ब्यात साहेब सगळ्यांशी हसून बोलत होते. मी पाइप जोडला, व्हॉल्व्ह फिरवला. गार पाणी फेसाळत खड्ड्यात पडायला लागलं. पाहुण्यांची लेकरं टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात फोन वाजला. वस्तीवरचा भारत होता.

"बन्सी... दगडाकाकू गेली."

"कुठं गेली?"

"हिरीत उतरलती. तळाला बसून वाटीनं पाणी भरत व्हती. वरची दरड कोसळली... आत्ताच काढली तिला."

फोन कधी कट झाला, कळलं नाही. रडू येत नव्हतं. छातीत नुसता जाळ उठला होता. मी व्हॉल्व्ह बंद केला. धोंडीराम धावत आला.

"कावून बंद केलं बे?"

"माझी चुलती मेली. ह्या पाण्यापायी मेली. हे मी वस्तीवर नेतो."

त्यानं पुलाकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. "हे बघ, मेलेल्या बाईला पाणी लागत न्हाई. साहेबांचा वाढदिवस हाय. तमाशा करू नको."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह उघडला.

पाणी आलं नाही. टाकी अर्धी भरलेली होती, मला ठाऊक होतं. पण पाइप नुसता घुसमटल्यासारखा हालला. मग टाकीच्या आतून आवाज आला. ठण्ण... जरा वेळानं पुन्हा... ठण्ण. रिकामी घागर दगडाला आपटत वर चढावी तसा. धोंडीरामचा हात व्हॉल्व्हवरच राहिला.

"आत काय हाय?"

पाइपातून वास येत होता. ओल्या मुरमाचा, खोल विहिरीतल्या शेवाळाचा. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

तिकडं कुणीतरी ओरडलं. खड्ड्यातलं पाणी उतरत होतं. कुठं भोक नाही, कुठं आवाज नाही. जमीन पीत होती नुसती. बघता बघता तळाची पांढरी वाळू उघडी पडली. गाणं बंद झालं.

साहेबांच्या हातात केकची बशी होती. ते पुलावरून उतरले, बूट घालूनच वाळूत चालत गेले आणि मधोमध उकिडवे बसले. बशीनं वाळू उकरायला लागले. नदी आटल्यावर आमच्या बाया झिरा उकरतात, अगदी तसं. कोपरापर्यंत हात घालायचा, ओंजळीनं वाळू बाजूला सारायची, मग थांबायचं. पहिल्यांदा पाहुणे हसले. साहेबांनी काहीतरी गंमत काढली असं वाटलं त्यांना. एकानं मोबाइल धरला.

मग साहेब बोलले. आवाज बाईचा होता.

"उलीसं थांबा गं... साचू द्या..."

हसणं जागच्या जागी विरलं. साहेबांच्या बोटांतून रक्त येत होतं. तरी ते उकरत होते. मग त्यांनी मान वर केली. आभाळाकडं नाही... विहिरीतून काठाकडं बघतात तसं.

"दोर वढा गं... माती पडतीया... वढा..."

आवाज माझ्या ओळखीचा होता.

कुणीही पुढं झालं नाही. एवढी माणसं, कलेक्टरपासून कंत्राटदारापर्यंत, सगळी काठावर उभी राहून खाली बघत होती. मला त्यांचा राग आला, मग कळलं, मीही तेच करतोय. मी पाइप उपटला, गाडीत बसलो आणि वस्तीची वाट धरली. धोंडीराम आडवा आला नाही.

उरलेलं पाणी टाकीतच होतं. व्हॉल्व्ह फिरवताच नितळ धार लागली. त्यातल्या पहिल्या घागरीनं दगडाकाकूला आंघोळ घातली. तिच्या नखांत मुरूम भरला होता, तो मीच काढला. नंतर भारतला विचारलं, शेवटी काही बोलली का. तो म्हणाला, "दोर वढा म्हनली. माती पडतीया म्हनली. आमी वढला, पर..."

मी त्याला बेटावरचं सांगितलं नाही.

साहेब जिवंत आहेत. औरंगाबादच्या दवाखान्यात होते, आता घरी आहेत. बोटांनी उकरणं थांबेना, म्हणून त्यांच्या खोलीतल्या फरशा काढून टाकाव्या लागल्या, असं गडी सांगतात. बेटावरचे माड त्याच आठवड्यात वाळले.

पण तो मोबाइलवरचा व्हिडिओ गावोगाव फिरला. पिण्याचं पाणी बेटावर गेल्याची बोंब झाली आणि तहसीलदारांनी हुकूम काढला. प्रत्येक टँकर आधी रिकामा आणि मग भरून, कारखान्याच्या वजनकाट्यावर तोलायचा.

पहिल्या दिवशी माझी रिकामी गाडी काट्यावर चढली. काटेवाला गहिनीनाथ आकड्याकडं बघत राहिला.

"बन्सी, तुझी गाडी कागदावरच्या वजनापरीस चाळीस किलो जास्त भरतीया. टाकीत कोण बसलंय का बे?"

मी वर चढलो, झाकण उघडलं, आत बॅटरी मारली. टाकी कोरडी ठणठणीत होती. गहिनीनाथनं काटा दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या गाड्यांचं वजन बरोबर येतं.

माझ्या गाडीचं पुढच्या आठवड्यात पंचेचाळीस किलो जास्त आलं. परवा बावन्न. झिऱ्यासारखं, उलीसं उलीसं साचतंय.