कोऱ्या कागदाऐवजी

दुपारी दीडच्या सुमाराला सोलापूरचं ऊन असं तापतं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकायला येत नाही. जुळे सोलापुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पडदे ओढून घेतलेले, कूलर घरघरतोय, आणि साडीच्या झोळीत ठमी झोपलेली. ठमी झोपली की उत्कर्षाचा दिवस सुरू व्हायचा. पाऊण तासाचा दिवस. नशीब जोरावर असेल तर सव्वा तासाचा.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव उत्कर्षाने सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं आणि आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बारशाला बार्शीहून नणंद येणार, तिच्या कानात ते सांगायचं, मग आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, मग ते जगाचं. आधी माढ्याच्या चुलत सासऱ्यांचं सुतक आलं, मग नणंदेच्या शाळेतल्या परीक्षा आल्या. बारसं लांबत लांबत तीन महिन्यांवर गेलं. नाव तोवर सांगायचं नसतं. म्हणून इथंही सांगत नाही.

सोमवारी उत्कर्षाची रजा संपणार होती. पुण्याच्या एका कंपनीत सहा वर्षं ती एकच काम करत आली होती: लोकांची लिनक्सवर चालणारी कॉम्प्युटरं नेटशी का जोडली जात नाहीत ते शोधायचं. आता घरूनच काम करायला परवानगी मिळाली होती. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कंपनीचा प्रोग्राम बसवायचा आणि त्याआधी मशीन अद्ययावत करायचं, एवढंच बाकी होतं. लिनक्सचे प्रोग्राम एका मोठ्या कोठारातून येतात. रिपॉझिटरी म्हणतात त्याला. मशीनने कोठाराला विचारायचं, नवीन काय आलंय? कोठाराने यादी द्यायची. दहा मिनिटांचं काम.

मंगळवारी तिने आज्ञा टाइप केली. उत्तर आलं, जोडणी होऊ शकली नाही.

तिला हसूच आलं. लोकांच्या घरातली चूल पेटवत फिरायचं आणि आपल्या चुलीत लाकूड ओलं. तिने फोनवर पाहिलं, नेट चालू. दुसरं कोठार दिलं. तेही नाही. मग नेटवाल्या सिद्धनाथला फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडनं समदं ओके हाय की. तुमच्या घरात चार मोबाईल चालू दिसत्यात मला."

"चार कसे? आम्ही तिघं. आणि सासूबाईंचा तर बटणाचा फोन आहे."

"आता ते मला कसं ठावं, मॅडम? पाव्हणं आलं असतील."

पाहुणे कुणी आले नव्हते. तिने मनातल्या मनात मोजलं: तिचा फोन, नवऱ्याचा फोन, हे मशीन. नवरा तर या वेळी कुर्डुवाडीला, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये.

मग तिने नेहमीची युक्ती केली. कोठाराला नुसती हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एरवी पंधरा-वीस सहस्रांश सेकंद लागतात. कोठार दूर असतं, हाक जाऊन यायला वेळ हवा. त्या दुपारी ओ आली ती एका सहस्रांशाच्याही आत.

इतक्या लवकर ओ येते ती खोलीतल्या खोलीतून.

ठमीने झोळीत हातपाय हलवले. उत्कर्षाने पायाच्या अंगठ्याने दोरी ओढत ओढत नावांची फाइल उघडली. कुठल्या नावाने कुठे जायचं हे मशीन आधी त्या फाइलीत बघतं. एका ओळीत दोन्ही कोठारांच्या नावांपुढे मशीनचा स्वतःचाच पत्ता लिहिला होता. म्हणजे मशीन कोठाराकडे निघायचं आणि वळून आपल्याच दारात येऊन उभं राहायचं.

ही ओळ कुणी लिहिली? आपोआप येणारी ओळ नव्हे ती. तिने फाइलीची तारीख पाहिली. सतरा जानेवारी, रात्री बारा वाजून सात मिनिटं.

ती ओळ पुसली, फाइल बंद केली, पुन्हा प्रयत्न केला. जोडणी होऊ शकली नाही. फाइल उघडली तर ओळ जागच्या जागी होती. तारीखही तीच, जानेवारीतली.

संध्याकाळी नवरा, इंद्रजीत, घामाने थबथबून आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

"अहो, तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला होता का? जानेवारीत? सतरा तारखेला?"

"पाणी तर दे की आधी. सतराला काय होतं?" त्याने बूट काढता काढता आठवलं आणि हसला. "अगं, पाचवी होती की ठमीची! तू विसरलीस?"

मग तिलाही आठवलं. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. म्हणून पाटा-वरवंट्याची पूजा मांडून तिथे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री घरात कोरा कागद सापडेना. दुकानं बंद झालेली. तेव्हा इंद्रजीतनेच कॉम्प्युटर पाटावर उचलून ठेवला, कोरी फाइल उघडली आणि म्हणाला होता, "सटवाईनं आता टायपिंग शिकावं की! काळ बदलला." सगळे हसले होते. बाळंतिणीच्या खोलीतून उत्कर्षाही हसली होती.

सासूबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या.

बुधवारी दुपारी उत्कर्षाने त्यांना गाठलं. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. "आई, पाचवीच्या रात्री दिव्याला तेल घालायला तुम्हीच उठला होता ना? मशीनला हात लावला होता का?"

"म्या?" शकुंतलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मला तुमचा टीव्ही लावता येत न्हाय, आन् म्या ते मशीन लावू व्हय?"

"मग कोण होतं तिथं?"

शकुंतलाबाईंनी पुढची पाकळी घेतली. "त्येल घालाया उठले तवा पडदा उजळलेला होता. म्हटलं आसंल चालू, इंद्रजीतनं ठिवलं आसंल." लसणाची साल त्यांनी फुंकरीने उडवली. "कागद कोरा का ठिवत्यात ठावं हाय का तुला? ती लिव्हती, पण आपल्याला दिसत न्हाय. सकाळी बगावं तर कोराच. त्येच्यातच भलं आस्तंय, पोरी. मी म्हनलं होतं त्येला, दिसंल आसं काय ठिवू नगं."

उत्कर्षाला राग आला. कुणाचा तेच कळेना. नवरा मस्करी करतोय का? तो रात्री मशीनशी बसतो का? ही बाई मला काम करू द्यायचं नाही म्हणून काहीतरी करतेय का? त्या रात्री तिने मशीनची तारच काढून कपाटात कुलपात घातली आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

शुक्रवारी सकाळी तिने ठमीची नखं कापली. दर चार दिवसांनी कापावी लागत, एवढीशी नखं पण गालावर ओरखडे काढायची. डाव्या अंगठ्याचं नख कापताना ठमीने हात ओढून घेतला आणि नखाला एक बारीक कोपरा राहिला. राहू दे, म्हणाली उत्कर्षा, आणि तो अंगठा ओठांना लावला. दुपारी ठमी झोपल्यावर तिने कुलूप उघडलं, तार लावली, आज्ञा टाइप केली.

या वेळी जोडणी झाली.

एक नवीन यादी मिळाली, असं मशीनने सांगितलं. ओ मात्र तशीच आली होती, एका सहस्रांशाच्या आत.

तिने यादी उघडली. कोठाराच्या यादीसारखीच यादी. डावीकडे पॅकेजचं, म्हणजे बसवायच्या एकेका प्रोग्रामचं, नाव, मध्ये तारीख आणि वेळ, उजवीकडे बसवलं की बाकी आहे ते.

सर्वांत वर एकच शब्द होता. रोमन लिपीत, लहान अक्षरांत. ते नाव. सातव्या महिन्यात तिने मनात ठेवलेलं, कुठे लिहिलं नव्हतं, आरशासमोरही उच्चारलं नव्हतं.

त्याखाली पुन्हा तेच नाव आणि जोडून एकेक शब्द. नाळ. बसवलं. हसू. बसवलं. त्यापुढची तारीख तिने स्वयंपाकघराच्या दारावरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिली. तिथे तिच्याच हाताने लिहिलं होतं, "आज हसली." तीच तारीख. हुंकार, तीच. ताप, तीच.

त्याखालची ओळ होती कूस. आजची तारीख. तीन वाजून चाळीस मिनिटं. बाकी.

घड्याळात तीन अडतीस झाले होते.

ती उठली. झोळीतून ठमीला काढून सतरंजीवर निजवलं. ठमी जागी झाली, रडली नाही, पंख्याकडे बघत राहिली. कूलरचं पाणी ठिबकत होतं. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मग ठमीने एक पाय दुसऱ्यावर टाकला, कमरेत वळली, आणि हळूच पालथी पडली. मान उचलून आईकडे बघून हसली.

आयुष्यात पहिल्यांदा.

उत्कर्षाने वळून पाहिलं. पडद्यावर आता लिहिलं होतं, बसवलं.

पुढे दात होता. पाऊल होतं. शब्द होता. त्यापुढे यादी खाली जात होती. बाजूची सरकपट्टी बघूनच यादी केवढी आहे ते कळतं. लांब असली तर ती पट्टी नखाएवढी दिसते, आखूड असली तर मोठी.

ही पट्टी तळहाताएवढी होती.

तिने ठमीचं झबलं पडद्याच्या खालच्या भागावर घातलं. शेवटची ओळ दिसू नये म्हणून.

आणि तिला सुचलं. कंपनीत शेकडो वेळा केलेलं काम. एखादं पॅकेज बसू नये असं वाटलं की त्याला थांबवायची आज्ञा देतात. मग कोठारात काहीही येवो, ते पॅकेज तिथेच थांबतं. शेवटच्या ओळीला थांबवायचं, एवढंच.

पण ओळ थांबवायची तर तिचं नाव टाइप करायला हवं. नाव टाइप करायचं तर ओळ वाचायला हवी.

ते तिच्याने होईना.

म्हणून तिने वरचंच नाव टाइप केलं. नुसतं नाव. ज्याला बाकी सगळं लटकलेलं होतं ते. स्पेलिंग चुकलं नाही.

थांबवून ठेवलं, असं उत्तर आलं.

झबलं उचललं तेव्हा यादी गेली होती. नावांची फाइल स्वच्छ होती, ती ओळ नव्हती. कोठाराला हाक मारली, ओ अठरा सहस्रांशांनी आली. लांबून, जशी यावी तशी.

सोमवारी काम सुरू झालं. मशीन कधी अडलं नाही. रोज अद्ययावत करताना शेवटी एक ओळ यायची: बाकी सगळं अद्ययावत आहे, एक थांबवून ठेवलं आहे. कुठलं ते विचारलं की यादी रिकामी. थांबवलेलं सोडायची आज्ञा दिली तर उत्तर यायचं, असं कुठलंही पॅकेज नाही. शेवटी एका दुपारी तिने ती जुनी ओळ स्वतःच्या हाताने फाइलीत लिहिली. मशीनने आपल्याच दारात येऊन टकटक केली आणि कळवलं, जोडणी नाकारली.

ठमी मजेत होती. दूध प्यायची, हसायची, पंख्याकडे बघायची. पालथी मात्र पुन्हा पडली नाही. सासूबाई म्हणायच्या, "झबलं बग कसं बेतात बसलंय आजून. गुणाची हाय की लई."

पंधरा दिवसांनी बारसं झालं. सकाळीच नणंद वैजयंती बार्शीच्या एसटीने आली, हातपाय धुतले, भाचीला उचलून घेतलं आणि मोठ्याने म्हणाली, "वहिनी, नखं कापलीस का गं हिची? माझ्या कानातलं ओढील की ही, कुर्रर्र करताना!"

उत्कर्षाने ठमीच्या मुठीकडे पाहिलं.

"शेवटची कधी कापलीस?"

"कामाच्या गडबडीत राहूनच गेलं," उत्कर्षा म्हणाली.

"पंधरा दिवस? वाघनखं झाली असतील मग. आण इकडं."

उत्कर्षाने नखकटर घेतलं आणि ठमीची मूठ हळूच उघडली. डाव्या अंगठ्याच्या नखाला तो बारीक कोपरा होता, त्या शुक्रवारी राहिला होता तेवढाच.

"चल, सांग आता नाव," वैजयंतीने कान पुढे केला.