खालून फिरणारी थापी

शिंप्याच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोरचं काँक्रीट उखडून खड्डा पडला होता. रुंदीला ताटाएवढा, खोलीला जेमतेम बोटभर. पण डोळ्यांनी अधू झालेल्या आईचा पाय नेमका त्यातच अडखळला. हातातलं गरम पाणी सांडलं आणि पाऊल भाजलं. गवंड्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "एवढ्याशासाठी आलो तर माझी थापीच मला हसेल. ठिगळ लावण्यात तुझा हात कोण धरणार? तूच लाव." आणि थापी हातात देऊन मोकळा झाला.

सुट्टीच्या दुपारी शिंपी कामाला बसला. आई दाराजवळच्या खुर्चीत होती, भाजलेला पाय स्टुलावर ठेवून. त्याने छिन्नीने सुट्ट्या कडा उडवल्या, धूळ झाडली, खड्डा ओला केला. गार, मातकट वास घरभर पसरला. उन्हाचा कवडसा फरशीवर पेंगत होता. सिमेंट-वाळूचा माल भरून तो हलक्या हाताने थापी फिरवू लागला. सर्र... सर्र... त्या लयीने त्याच्याच पापण्या जड झाल्या. हात कधी थांबला, त्याला कळलं नाही.

आवाज मात्र थांबला नव्हता.

सर्र... सर्र... खालून.

घर तळमजल्याचं. खाली नुसती माती. त्याने ओल्या मालाशेजारी तळवा टेकवला. शिवणयंत्र चालताना टेबल थरथरावं, तशी जमीन बारीक थरथरत होती.

"आई... ऐकू येतंय?"

"केव्हाचं," आई म्हणाली. "तुझ्यापेक्षा सफाईदार हात आहे."

थापी थांबली. मग झोपलेलं मूल उठू नये म्हणून बोलावं, अशा हलक्या आवाजात खालून कोणा बाईने विचारलं, "झालं का...? चालता येईल का आता इथून?"

शिंप्याने झटकन तळवा उचलला. नाही म्हणायचं होतं, कधीच नाही म्हणायचं होतं. पण आईच आधी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी. "आज ओलं आहे, बाई. उद्या या."

"आई! काय बोललीस हे?"

"कुणी विचारलं तर सांगायला नको?"

माल पुन्हा उकरून टाकावा, असं त्याला वाटलं. पण उकरलं तर मधलं अंतर तेवढंच कमी होईल... त्याने मुकाट्याने वर ओलं पोतं अंथरलं.

सकाळी पोतं उचललं. ठिगळ टणक, गुळगुळीत बसलं होतं. कुठे तडा नाही, ठसा नाही. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. आई लंगडत ओट्यापाशी आली, तिचा पाय कुठेही अडखळला नाही. तो दारात उभा राहून कौतुकाने पाहत होता.

कपात चहा ओतता ओतता आई थांबली. अरुंद बोळात कुणाला वाट द्यावी, तशी अंग चोरून बाजूला सरकली.

"सावकाश या," ती हळूच म्हणाली. "पुढे उंबरा आहे."

उंबऱ्यावर शिंपी उभा होता.